काचेच्या तारेतल्या पाकळ्या: ऑप्टिकल फायबरमधले ‘मोड’ कसे बघायचे आणि कसे वाचायचे

नोव्हेंबर २०२२ मध्ये जपानच्या राष्ट्रीय माहिती व दळणवळण तंत्रज्ञान संस्थेने एक विक्रम जाहीर केला. नेहमीच्याच जाडीच्या, म्हणजे १२५ मायक्रोमीटर व्यासाच्या एका काचेच्या तंतूतून सेकंदाला १.५३ पेटाबिट माहिती पाठवली गेली. एक पेटाबिट म्हणजे दहा लाख गिगाबिट. तंतूत प्रकाशाची वाट एकच होती, पण त्या एका वाटेने प्रकाश ‘५५ मोडांमध्ये’ गेला.

बहुतेक वाचक इथेच अडखळतात. ५५ तारा असत्या तर कळलं असतं, ५५ रंग असते तरी कळलं असतं. पण एकाच तारेत, एकाच रंगाच्या प्रकाशाचे ५५ काय? शोधायला गेलं की लाल-निळ्या ठिपक्यांची, पाकळ्यांची, कड्यांची चित्रं समोर येतात आणि गोंधळ वाढतो. प्रकाश आतून असा दिसतो का? ते रंग कसले? दोन पाकळ्यांच्या मधे काळी रेघ का आहे?

ही चित्रं मला फार आवडतात. विद्युतचुंबकीय क्षेत्रासारखी अमूर्त गोष्ट त्यांच्यात डोळ्यांना दिसते. मात्र ती वाचायला शिकावं लागतं, कारण प्रत्येक चित्र काही दाखवतं आणि काही लपवतं.

आधी तंतूची ओळख

ऑप्टिकल फायबर ही पोकळ नळी नाही. ती आरपार भरीव काच आहे, पण दोन थरांची. मधला बारीक भाग म्हणजे गाभा आणि त्याभोवतीचं जाड वेष्टण म्हणजे आवरण. लांब पल्ल्याच्या तंतूत गाभ्याचा व्यास जेमतेम ८ ते ९ मायक्रोमीटर असतो आणि आवरणासकट सगळा तंतू १२५ मायक्रोमीटरचा, म्हणजे साधारण जाडसर केसाइतका.

दोन्ही थर काचेचेच, फरक फक्त अपवर्तनांकाचा. अपवर्तनांक म्हणजे त्या पदार्थात प्रकाश किती पटीने हळू चालतो तो आकडा. गाभ्यात प्रकाश आवरणापेक्षा किंचित हळू चालतो. हा फरक अर्ध्या टक्क्याहूनही कमी असतो आणि तेवढ्यावर प्रकाश शेकडो किलोमीटर बांधून ठेवला जातो.

शाळेतला नागमोडी किरण खोटा का?

खोटा नाही, अपुरा आहे. पुस्तकात प्रकाशाचा किरण गाभ्याच्या भिंतींवर आपटत, परत उसळत पुढे जाताना दाखवतात. याला पूर्ण आंतरिक परावर्तन म्हणतात. गाभा रुंद असेल तर हे चित्र चांगलं काम देतं.

पण दूरसंचारासाठी वापरल्या जाणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी बहुधा १५५० नॅनोमीटर, म्हणजे दीड मायक्रोमीटरच्या आसपास असते. काचेच्या आत ती आक्रसून साधारण एक मायक्रोमीटर होते. गाभा आठ मायक्रोमीटरचा. म्हणजे वाट रुंदीला सात-आठ लाटांएवढीच. किरण ही कल्पना लाट वाटेच्या मानाने फारच लहान असते तेव्हाच चालते. गल्लीची रुंदी आणि पावलाची लांबी जवळपास सारखी झाली, तर ‘या भिंतीकडून त्या भिंतीकडे गेला’ असं म्हणण्यात फारसा अर्थ उरत नाही. इथे प्रकाशाला लाट म्हणूनच वागवावं लागतं.

आणि लाट अरुंद जागेत कोंडली की ती वाटेल तो आकार घेऊ शकत नाही.

मोड म्हणजे टिकून राहणारा आकार

दोघांनी दोरीची दोन टोकं धरून ती हलवली की आधी दोरीला मधे एक पोट येतं. हात भराभर हलवले की दोन पोटं येतात आणि त्यांच्या मधला एक बिंदू जागचा हलत नाही. आणखी भराभर हलवले की तीन पोटं. दीड पोट मात्र कधीच टिकत नाही. टोकं बांधलेली असल्यामुळे दोरीला मोजकेच आकार परवडतात.

तंतूच्या आडव्या छेदात प्रकाशाचं असंच होतं. गाभ्याच्या एका कडेकडून दुसरीकडे जाऊन परतणारी लाट स्वतःच्याच लाटेशी पुन्हा जुळली पाहिजे, नाहीतर ती स्वतःलाच पुसून टाकते. जे मोजके आकार या अटीत बसतात, त्यांना मोड म्हणतात.

दोरीपेक्षा इथे एक गोष्ट वेगळी आहे आणि ती नीट लक्षात ठेवावी लागते. आडव्या दिशेने ही लाट उभी आहे, एका जागी डोलणारी. लांबीच्या दिशेने मात्र ती धावते आहे. तंतू कुठेही कापला तरी कापलेल्या तोंडावर उजेडाचा तोच आकार दिसावा, पहिल्या मीटरला आणि पन्नासाव्या किलोमीटरलाही, ही मोडची खरी ओळख. काच थोडा प्रकाश शोषते आणि विखुरते, त्यामुळे तेज मंदावेल. आकार बदलणार नाही.

अशा तंतूसारख्या कांडीतून विद्युतचुंबकीय लाटा कशा जातील याचं गणित होंड्रोस आणि डेबाय या दोघांनी १९१० मध्येच मांडलं होतं. दृश्य प्रकाशात हे आकार प्रत्यक्ष पाहिल्याचा निबंध मात्र १९६१ मध्ये आला. इलायस स्निट्झर आणि हॅरॉल्ड ऑस्टरबर्ग यांनी बारीक काचतंतूंच्या तोंडावरचे मोड नोंदवले. 

ढोलाचं कातडं आणि २.४०५

तंतूचा छेद गोल असतो, म्हणून दोरीपेक्षा ढोलाचं कातडं ही उपमा जवळची. कातड्यावर थाप पडली की ते एकतर सगळं एकदम वर-खाली होतं किंवा अर्धं वर आणि अर्धं खाली. त्या दोन अर्धांच्या मधली रेघ स्थिर राहते. अशा स्थिर रेषांना निस्पंद रेषा म्हणतात. १७८७ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एर्न्स्ट क्लाडनीने धातूच्या कंप पावणाऱ्या पत्र्यांवर वाळू पसरून अशाच रेषा लोकांना दाखवल्या. थरथरणाऱ्या जागेवरून वाळू उडते आणि स्थिर रेषांवर जाऊन साचते.

गोल कातड्याच्या गणितात २.४०५ हा आकडा येतो. खगोलशास्त्रज्ञ फ्रीडरिश बेसेल यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एका वक्राचं हे पहिलं शून्य, म्हणजे तो वक्र पहिल्यांदा अक्ष ओलांडतो ती जागा. ढोलाचा सगळ्यात खालचा सूर यावरून ठरतो.

काचतंतूतही नेमका हाच आकडा येतो. गाभ्याचा आकार, तरंगलांबी आणि दोन काचांमधला फरक या तिन्हींचा मेळ घालून एक संख्या काढतात, तिला व्ही-संख्या म्हणतात. गाभा रुंद केला की ती वाढते, तरंगलांबी वाढवली की कमी होते. व्ही-संख्या २.४०५ च्या खाली असेल तर त्या तंतूत एकच आकार टिकतो. म्हणून त्याला सिंगल-मोड तंतू म्हणतात. २.४०५ ओलांडलं की दुसऱ्या आकाराला जागा होते, ३.८३२ ओलांडलं की आणखी दोघांना. ढोल आणि समुद्राखालची केबल यांना जोडणारा हा आकडा पहिल्यांदा कळला तेव्हा मी बराच वेळ त्याच पानावर थांबलो होतो.

भिंतीवरचा लाल उजेड

मोड डोळ्यांनी पाहायचे तर १५५० नॅनोमीटरचा प्रकाश उपयोगाचा नाही, कारण तो अवरक्त आहे आणि दिसत नाही. (म्हणूनच चालू तंतूच्या तोंडात कधीही डोळा लावून पाहू नये. न दिसणारा उजेडही डोळ्याला इजा करू शकतो.) त्यासाठी प्रयोगशाळेत एक सोपी युक्ती करतात. दूरसंचाराचाच सिंगल-मोड तंतू घ्यायचा आणि त्यात लाल लेसर सोडायचा.

नेहमीच्या तंतूची व्ही-संख्या १५५० नॅनोमीटरला साधारण २ असते. ६५० नॅनोमीटरच्या लाल प्रकाशासाठी ती ४.७ च्या आसपास जाते. म्हणजे ज्या तंतूवर ‘सिंगल-मोड’ असं छापलेलं आहे, तोच लाल प्रकाशासाठी सिंगल-मोड उरत नाही. मोडांची संख्या हा एकट्या तंतूचा गुण नाही, ती तंतू आणि तरंगलांबी यांच्या जोडीवर ठरते. लाल प्रकाशाला त्यात चार प्रकारचे आकार मिळतात.

तंतूचं टोक नीट कापून समोर पांढरा कागद धरला की त्यावर लाल गोल उमटतो. आता लेसर ज्या टोकातून आत शिरतो तिथे तंतू केसभर बाजूला सरकवायचा. गोल लांबट होतो, मधे एक काळी चीर पडते आणि दोन पाकळ्या वेगळ्या होतात. आणखी सरकवलं की कधी चार पाकळ्या, कधी मधे ठिपका आणि भोवती कडं. मग मधेच कुठेतरी तंतूला बोट लावायचं. कागदावरच्या पाकळ्या फिरतात, एकमेकींत विरघळतात आणि पुन्हा उमलतात. बोट काढलं तरी आधीचा आकार परत येईलच असं नाही. तापमान आणि वाकण यांचा तंतूवर इतका बारीक परिणाम होतो हे वाचून पटतं, पण हे बघितल्यावर विसरता येत नाही.

कागदावर दिसतो तो तंतूबाहेर पसरलेला उजेड. पाकळ्यांची संख्या तीच राहते, पण बारकावे थोडे वेगळे असतात. तंतूच्या तोंडावरचा नेमका आकार हवा असेल तर सूक्ष्मदर्शकाचं भिंग लावून तोंडाचीच मोठी प्रतिमा घ्यावी लागते.

नावं वाचायची कशी

मोडांना ‘एलपी’ (लिनिअरली पोलराइज्ड, म्हणजे क्षेत्र एकाच रेषेत असलेले) या अक्षरांनंतर दोन आकडे देतात. पहिला आकडा म्हणजे मध्यातून आरपार जाणाऱ्या काळ्या रेषा किती. दुसरा म्हणजे मध्यापासून सरळ बाहेर जाताना उजेडाचे पट्टे किती लागतात. एलपी ०१ म्हणजे मध्यातून एकही काळी रेघ नाही आणि उजेडाचा एकच पट्टा, अर्थात साधा गोल ठिपका. एलपी ११ म्हणजे एक काळी रेघ, दोन पाकळ्या. एलपी २१ म्हणजे फुलीसारख्या दोन रेषा, चार पाकळ्या. एलपी ०२ म्हणजे मधे ठिपका आणि भोवती एक कडं. लाल प्रकाशाला मिळणारे चार प्रकार ते हेच.

चित्रातले लाल-निळे रंग खरे असतात का?

नाही, आणि सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. मोडमधला प्रकाश एकाच रंगाचा असतो. चित्रातला लाल आणि निळा हे क्षेत्राच्या दिशेचे संकेत आहेत. एखाद्या क्षणी डावीकडच्या पाकळीत विद्युतक्षेत्र वर रोखलेलं असेल तर उजवीकडच्या पाकळीत ते खाली रोखलेलं असतं. वरच्याला लाल रंगवलं, खालच्याला निळं. अर्ध्या आवर्तनाने सगळं उलट होतं. लालचा निळा होतो, निळ्याचा लाल. ढोलाच्या कातड्याचा अर्धा भाग वर असताना दुसरा खाली असतो, तसंच हे. आणि म्हणूनच मधे काळी रेघ येते. वरून खाली जाताना मधे कुठेतरी शून्य लागणारच.

१५५० नॅनोमीटरच्या प्रकाशात हे वर-खाली सेकंदाला सुमारे १९३ लाख कोटी वेळा होतं. एक फेरी पाच फेम्टोसेकंदांची, म्हणजे एका सेकंदाच्या दहा लाख अब्जाव्या भागाच्या पाचपट. कोणताही साधा कॅमेरा इतक्या वेगाने पाहू शकत नाही. त्याला मिळते ती तीव्रता, म्हणजे क्षेत्राच्या वर्गाची सरासरी. वर्ग केला की उणे चिन्ह जातं. म्हणून कॅमेऱ्याच्या चित्रात दोन्ही पाकळ्या सारख्याच उजळ दिसतात आणि त्या एकमेकींच्या उलट डोलताहेत हे कुठेच कळत नाही.

म्हणजे मोडचं चित्र दोन जातींचं असतं. एक क्षेत्राचं, एका क्षणी थांबवलेलं, दोन रंगांचं, संगणकाने काढलेलं. दुसरं तीव्रतेचं, काळ्यावर उजेडाचं, कॅमेऱ्याने टिपलेलं. कुठलंही चित्र समोर आलं की आधी ते यांपैकी कोणतं आहे हे विचारावं. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

आणि ते बाण?

काही चित्रांत पाकळ्यांवर छोटे बाण असतात. ते विद्युतक्षेत्राची दिशा दाखवतात, म्हणजेच ध्रुवण. एलपी चित्रांत सगळे बाण एकाच रेषेत उभे असतात. १९७१ मध्ये डेटलेफ ग्लोगे यांनी ही सोपी मांडणी दिली. गाभा आणि आवरण यांच्यात फरक फार थोडा असतो, तेव्हा एवढी सूट घेता येते.

काटेकोर गणितात मात्र बाण असे शिस्तीत नसतात. दोन पाकळ्यांच्या एलपी ११ च्या मुळाशी वेगळेच मोड आहेत. एकात बाण मध्याभोवती गोल फिरतात, एकात मध्यापासून बाहेर पसरतात आणि उरलेल्या दोघांत मध्याभोवती फिरताना उलट बाजूने वळत जातात. या चौघांचीही तीव्रता बघितली तर मधे भोक असलेलं एकच कडं दिसतं. कॅमेऱ्याला चारही सारखेच.

त्यांना ओळखायला ध्रुवक, म्हणजे एकाच दिशेचं क्षेत्र जाऊ देणारी काच, समोर धरतात. कड्याच्या लगेच दोन पाकळ्या होतात. आता ध्रुवक हळूहळू फिरवायचा. बाण बाहेर पसरणारे असतील तर पाकळ्या ध्रुवकाच्या रेषेतच उमटतात आणि त्याच्याबरोबर फिरतात. बाण गोल फिरणारे असतील तर त्याही बरोबरच फिरतात, पण ध्रुवकाशी काटकोनात. आणि उलट वळणाऱ्या जातीचा मोड असेल तर ध्रुवक उजवीकडे फिरवला की पाकळ्या डावीकडे जातात. एका काचेच्या तुकड्याने न दिसणारी दिशा अशी उघड होते.

स्वतः काढून बघा

यासाठी महागडं सॉफ्टवेअर लागत नाही, स्प्रेडशीट पुरते. ४१ बाय ४१ चौकटींचा चौरस घ्या आणि मधली चौकट शून्य धरा. मध्यापासून आडवं अंतर ‘क्ष’, उभं अंतर ‘य’. प्रत्येक चौकटीत घंटेसारखा उतरता डोंगर भरा. क्ष आणि य यांच्या वर्गांची बेरीज करा, तिला डोंगराच्या रुंदीच्या वर्गाने भागा आणि उणे चिन्ह लावून ती ई (सुमारे २.७१८) या संख्येचा घात म्हणून वापरा. रुंदी आठ चौकटी घेतलीत तर चांगलं दिसतं. धन आकड्यांना लाल आणि ऋण आकड्यांना निळा रंग द्या. हा एलपी ०१.

आता हाच डोंगर क्ष ने गुणा. डावी बाजू ऋण होते, उजवी धन, मधे शून्याची रेघ. हा एलपी ११. क्ष आणि य दोन्हींनी गुणलं की चार पाकळ्या, म्हणजे एलपी २१. हे आकार मध्याकडून कडेकडे हळूहळू बदलत जाणाऱ्या गाभ्याला जास्त जवळचे आहेत, पण नेहमीच्या तंतूतलं रूप ओळखायलाही पुरेसे आहेत.

खरी गंमत पुढे आहे. एलपी ११ ला अशा आकड्याने भागा की त्याचा सगळ्यात मोठा आकडा एलपी ०१ च्या मोठ्यात मोठ्या आकड्याएवढा होईल, आणि मग दोन्ही कागद मिळवा. डावीकडे उणे आणि अधिक एकमेकांना खाऊन टाकतात, उजवीकडे भर पडते. उजेड उजवीकडे सरकतो! आता मिळवण्याऐवजी वजा करा, उजेड डावीकडे जातो.

तंतूत हे आपोआप घडतं. दोन्ही मोडांचे वेग किंचित वेगळे असतात, म्हणून पुढे जाता जाता कधी त्यांची बेरीज होते, कधी वजाबाकी. लाल प्रकाशाच्या आपल्या तंतूत मिलिमीटरभरापेक्षाही कमी अंतरात उजेड एका बाजूने दुसऱ्या बाजूला जाऊन परत येतो. डावीकडे, उजवीकडे, पुन्हा डावीकडे, आणि सतत पुढे. शाळेतला नागमोडी किरण इथे परत भेटतो. एकटा मोड कुठेच आपटत नाही, तो सरळ जातो. नागमोडी जाते ती मोडांची बेरीज.

गाभ्याबाहेर सांडलेला प्रकाश

चित्रात गाभ्याची गोल कड आखलेली असेल तर नीट बघा. उजेड त्या कडेशी थांबत नाही. तो आवरणात थोडा शिरतो आणि तिथे झपाट्याने विरतो. ढोलाचं कातडं कडेला घट्ट बांधलेलं असतं, तंतूतल्या प्रकाशाला असं कोणी बांधलेलं नाही. नेहमीच्या सिंगल-मोड तंतूत १५५० नॅनोमीटरला गाभा साधारण ८ मायक्रोमीटरचा असतो, पण उजेडाच्या ठिपक्याचा व्यास १०.४ मायक्रोमीटर भरतो. एकूण शक्तीचा पाव भाग किंवा थोडा अधिकच आवरणातून चाललेला असतो.

यातूनच व्यवहारातल्या दोन गोष्टी कळतात. पहिली, स्प्लाइसिंगची, म्हणजे दोन तंतू वितळवून जोडण्याची. तिथे नुसते गाभे नव्हे, तर उजेडाचे ठिपके एकमेकांवर बसावे लागतात. ठिपके वेगळ्या मापाचे असतील तर गाभे तंतोतंत जुळूनही प्रकाश वाया जातो.

दुसरी, तंतू वाकल्यावर सिग्नल का पडतो याची. वळणावर ठिपक्याचा बाहेरचा भाग लांबच्या वाटेने जातो, म्हणून बाकीच्यांबरोबर राहायला त्याला जास्त वेगाने जावं लागतं. आवरणात फार बाहेर पसरलेल्या शेपटीला तो वेग काचेतल्या प्रकाशाच्या वेगापेक्षाही जास्त लागतो, आणि तो मिळणं शक्य नसतं. तेवढा भाग मोडपासून सुटून निघून जातो. तंतू तपासताना त्यात लाल उजेड सोडतात, तेव्हा फार घट्ट दुमडलेल्या जागी तंतू बाहेरून लाल चमकतो. ती चमक म्हणजे वाटेवरून निसटलेली ही शेपटी.

मोड खरे आहेत की नुसती गणिताची सोय?

ही शंका रास्त आहे. दोन पाकळ्या आडव्या घ्यायच्या की उभ्या, हे तंतू अगदी गोल असेल तर आपण ठरवतो. आडव्या आणि उभ्या एलपी ११ ला पाव आवर्तनाच्या फरकाने मिळवलं तर भोक असलेलं कडं तयार होतं, आणि त्यात क्षेत्राच्या लाटा मळसूत्रासारख्या पिळत पुढे जातात. २०१३ मध्ये बॉस्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी सहकाऱ्यांसह अशाच पिळदार मोडांनी १.१ किलोमीटर खास तंतूतून टेराबिटच्या घरातली माहिती पाठवून दाखवली. म्हणजे कोणते आकार मूळ मानायचे यात मोकळीक आहे, जशी नकाशावर अक्ष कसे आखायचे यात असते. मोजकेच आकार न बदलता जाऊ शकतात आणि त्यांची एकूण संख्या ठरलेली असते, यात मात्र कसलीच मोकळीक नाही. ते निसर्गाने ठरवलेलं आहे.

मग इतकी वर्षं एकच मोड का वापरला?

कारण जास्त मोड ही अडचण होती. ५० मायक्रोमीटर गाभ्याच्या मल्टिमोड तंतूत ८५० नॅनोमीटरला तीनशेहून जास्त मोड मावतात. प्रत्येकाचा वेग थोडा वेगळा. सगळे एका क्षणी निघतात आणि वेगवेगळ्या क्षणी पोचतात. गाभ्याचा अपवर्तनांक सगळीकडे सारखा असेल आणि आवरणाशी फरक एक टक्का असेल, तर एका किलोमीटरला पहिला आणि शेवटचा यांच्यात जवळपास ५० नॅनोसेकंदांचं अंतर पडतं. सेकंदाला प्रकाशाचे एक अब्ज ठोके पाठवायचे तर एका ठोक्याला एकच नॅनोसेकंद मिळतो. सगळे ठोके एकमेकांवर चढतात आणि काही वाचता येत नाही. गाभ्याचा अपवर्तनांक मध्याकडून कडेकडे हळूहळू उतरता ठेवला की हा फरक खूप कमी होतो, पण संपत नाही. लांब पल्ल्याला उपाय एकच होता, एकच मोड ठेवायचा.

तो ‘एक’ही खरं तर दोन असतो. आडव्या ध्रुवणाचा एक आणि उभ्याचा एक. आजची लांब पल्ल्याची यंत्रणा दोन्हींवर वेगळी माहिती पाठवते.

५५ मोड एकमेकांत मिसळत नाहीत?

मिसळतात, सारखे मिसळतात. कागदावरच्या पाकळ्या बोट लावल्यावर फिरल्या, तेच किलोमीटरभर तंतूत क्षणोक्षणी घडत असतं. विक्रमाचं मर्म हे की मिसळणं थांबवलं नाही, ते नंतर सोडवलं. ५५ आकार, प्रत्येकाची दोन ध्रुवणं, म्हणजे ११० वेगवेगळे प्रवाह आत गेले. दुसऱ्या टोकाला ११० घेणारे होते आणि प्रत्येकाच्या हाती सगळ्यांचं मिश्रण आलं. ११० समीकरणं आणि ११० अज्ञातं. प्रकाश तंतूत हरवला नसेल, तर मिश्रण कितीही गुंतलेलं असो, ते गणिताने उलगडता येतं. त्यासाठी प्रत्येक मोडची तीव्रता आणि चिन्ह दोन्ही मोजावी लागतात, म्हणजे कॅमेऱ्याला न दिसणारा तो लाल-निळा फरकसुद्धा. आलेला प्रकाश एका ओळखीच्या लेसरच्या प्रकाशाशी मिळवून तो पकडतात.

मग ५५ हाच आकडा का? मध्याकडून उतरत्या अपवर्तनांकाच्या तंतूत मोडांचे गट पडतात आणि एका गटातले सगळे जवळपास एकाच वेगाने जातात. पहिल्या गटात एकटा ठिपका. दुसऱ्यात दोन पाकळ्यांचे दोघे, एक आडवा आणि एक उभा. तिसऱ्यात तिघे: कड्यातला ठिपका आणि चार पाकळ्यांचे दोन. चौथ्यात चौघे. असे दहा गट घेतले की एक अधिक दोन अधिक तीन करत दहापर्यंतची बेरीज ५५ येते. ही चित्रं एकाखाली एक मांडली की त्रिकोण तयार होतो. त्याच्या माथ्यावर नेहमीच्या सिंगल-मोड तंतूतला तो एकटा गोल असतो. सगळ्यात खालच्या ओळीत एलपी ९१ भेटतो. त्यात मध्यातून जाणाऱ्या नऊ काळ्या रेषा असतात, आणि कडेला टेकलेल्या अठरा पाकळ्या एक लाल, एक निळी अशा गोल बसलेल्या असतात.